कुलपती कोण, कुलगुरू कोण?

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त ग्वारीघाट येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



सकाळी येथे उतरलो तेव्हा प्रथम घाटावर गेलो, नर्मदामाईचे पाणी डोळ्यांना लावले आणि मगच या सभागृहात आलो. आपल्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांना आठवत असेल की शाळेची सहल म्हणजे ग्वारीघाट, आणि ग्वारीघाट म्हणजे हाऊबागहून सुटणारी ती छोटी गाडी. अंतर इतके थोडे, की डबा उघडून पहिला घास घ्यावा तोवर उतरण्याची वेळ होई. ती नॅरोगेज २०१५ साली बंद झाली. आता रुंद रुळांवरून मोठ्या गाड्या धावतात आणि त्या सोयीच्या आहेत, यात शंका नाही. तरीही स्थानकावरून येताना मान उगीचच त्या जुन्या शिट्टीच्या दिशेने वळली.

संयोजकांनी मला विषय दिला आहे तो भारदस्त आहे: विकसनशील देशातील विद्यापीठांचे नेतृत्व आणि कारभार. मी कुलगुरू नव्हतो, शिक्षणशास्त्रज्ञही नाही. माझी सारी नोकरी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेली, लिपिकापासून उपकुलसचिवापर्यंत. ते विद्यापीठ जबलपूरचे नव्हे, एवढेच सांगतो. नाव सांगत नाही. स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या माणसाला पंगतीविषयी जे कळते, तेवढेच विद्यापीठांविषयी मला कळते, आणि त्याच अधिकाराने बोलणार आहे.

प्रारंभ एका पत्राने करतो. पदवी परीक्षेत मला पदक मिळाले, तेव्हा मी नागपूरच्या मामांना मोठ्या अभिमानाने कळवले की दीक्षांत समारंभात कुलपतींच्या हस्ते सत्कार झाला. मामांचे उलट टपाली उत्तर आले: ‘प्रत्यक्ष राज्यपालांच्या हातून पदक मिळाले, आपल्या घराण्यात हे प्रथमच.’ मी चक्रावलो. राज्यपाल तर समारंभाला आलेच नव्हते! उलगडा नंतर झाला. महाराष्ट्रात कुलपती म्हणजे राज्यपाल, आणि विद्यापीठ प्रत्यक्ष चालवणारे ते कुलगुरू. आपल्या मध्य प्रदेशात राज्यपाल हे कुलाधिपती, आणि विद्यापीठ चालवणारे ते कुलपती. शब्द एकच, पण सातपुडा ओलांडला की माणूस बदलतो. मामांचा भ्रम मी दूर केला नाही. ते शेवटपर्यंत लोकांना राज्यपालांचीच गोष्ट सांगत राहिले.

२०२४ साली मध्य प्रदेश शासनाने ठरवले की यापुढे कुलपतींना कुलगुरू म्हणावे. मराठी कानांना ते बरे वाटले. पण परीक्षा विभागात मुरलेल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा: पाटी बदलली, पण खुर्चीसमोरच्या टेबलावरची नस्ती बदलली का? सही कोणाची लागते, पैसा कोणाकडून येतो, नेमणूक कोण करतो आणि घोटाळा झाला तर घरी कोणाला पाठवतात? या चार प्रश्नांची उत्तरे चार वेगवेगळ्या दारांत मिळत असतील, तर त्या पदाला पती म्हणा वा गुरू म्हणा, फरक फारसा पडत नाही.

ही विभागणी आजची नाही. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे पहिली तीन विद्यापीठे निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे महाविद्यालयांनी आणि विद्यापीठाने फक्त परीक्षा घेऊन पदव्या द्यायच्या, अशी ती रचना होती. वर सरकारचा प्रमुख हाच कुलपती. आपल्या जबलपुराने या रचनेचा अनुभव पुष्कळ घेतला आहे. रॉबर्टसन कॉलेज १८७३ मध्ये सागरहून येथे आले. त्याचे विद्यार्थी प्रथम कलकत्त्याच्या, मग अलाहाबादच्या आणि १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर तिथल्या परीक्षा देत. शिकायचे नर्मदेकाठी आणि उत्तीर्ण व्हायचे गंगेकाठी वा नागनदीकाठी! आपले स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १२ जून १९५६ रोजी. तेव्हा राज्याची राजधानी नागपूर होती. पाच महिन्यांच्या आत राज्यपुनर्रचना झाली, नागपूर तिकडे गेले, राजधानी भोपाळला गेली आणि जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आले. त्या विद्यापीठाला १९८३ पासून राणी दुर्गावतीचे नाव आहे.

त्या काळच्या माणसांविषयी एक-दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण आज ‘तशी माणसे उरली नाहीत’ असा सूर सर्वत्र ऐकू येतो. जबलपूरचे पं. कुंजीलाल दुबे यांनी नागपूर आणि जबलपूर अशा दोन्ही विद्यापीठांचे नेतृत्व केले, आणि तेच मध्य प्रदेश विधानसभेचे पहिले अध्यक्ष. विद्यापीठात राजकारण हल्लीच शिरले असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. सागरचे डॉ. हरिसिंह गौर यांची कथा आणखी वेगळी. दिल्ली विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. पुढे त्यांनी नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरूपद भूषवले, आणि सरतेशेवटी वकिलीत मिळवलेले द्रव्य ओतून १९४६ साली स्वतःच्या गावी विद्यापीठ उभारले. महायुद्धात बांधलेल्या लष्करी बराकींत ते सुरू झाले. स्वतःच्या खिशातून पैसा देणाऱ्या कुलगुरूला ‘निधी कुठून आणणार’ असे विचारण्याची हिंमत कोणाला होणार? पण गौरसाहेब १९४९ च्या डिसेंबरात निवर्तले, आणि विद्यापीठाला तर शतकानुशतके जगायचे असते. थोर पुरुषावर उभी राहिलेली संस्था त्याच्या पश्चात कोणत्या नियमांवर चालते, कारभाराची खरी कसोटी तिथे लागते.

आणि माणसे तेव्हाही झगडतच होती. १९२३ साली कलकत्त्यात सर आशुतोष मुखर्जी यांना कुलगुरूपदाची मुदत वाढवून देण्याची तयारी गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी दाखवली, मात्र सरकारच्या कलाने वागण्याच्या अटीवर. आशुतोषबाबूंनी ती वाढ नाकारली आणि नाकारण्याची कारणे लेखी कळवली. शंभर वर्षे झाली, गव्हर्नर परकीय होता तो स्वकीय झाला, पण त्या पत्रातला प्रश्न अजून सुटलेला नाही.

आपल्याकडे १९७३ साली मध्य प्रदेश विश्वविद्यालय अधिनियम आला आणि निरनिराळ्या विद्यापीठांच्या निरनिराळ्या कायद्यांच्या जागी एकच कायदा झाला. कुलपतींच्या निवडीसाठी तीन जणांची समिती असते: एक कार्यपरिषदेने निवडलेला, एक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षांनी सुचवलेला, एक कुलाधिपतींनी नेमलेला. समितीने नावे द्यायची आणि कुलाधिपतींनी त्यातून एक निवडायचे. मुदत चार वर्षे. कागदावर रचना समतोल आहे. परंतु याच अधिनियमात कलम ५२ आहे. विद्यापीठाचा कारभार कायद्यानुसार चालू शकत नाही अशी राज्य शासनाची खात्री झाली, तर एका अधिसूचनेने कायद्याची कितीतरी कलमे बदललेल्या रूपात लागू होतात, कुलपती पदावरून जातात आणि नवी नेमणूक शासनाच्या सल्ल्याने होते. २०१९ च्या जूनमध्ये इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठात सामायिक प्रवेश परीक्षा संगणकावर घेताना केंद्रांवर गोंधळ उडाला, आणि हेच कलम लावून कुलपतींना हटवण्यात आले. परीक्षार्थींचा संताप रास्त होता. पण एका परीक्षेतील यंत्रबिघाडावर संपूर्ण विद्यापीठाची घडी बदलणारे कलम हा उपाय आहे का, हा प्रश्न मला नोकरीत असतानाही पडे आणि आजही पडतो.

आता मी जे मुख्यतः सांगायला आलो आहे, त्याकडे वळतो. त्यासाठी मुंबईला जावे लागेल, कारण तिथे काय घडले ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे आणि इथल्या अनेकांच्या नातवंडांनी भोगलेही आहे.

२०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने ऐन परीक्षांच्या हंगामात उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत बदलली. कागदी उत्तरपत्रिका यंत्राने टिपायच्या आणि प्राध्यापकांनी त्या पडद्यावर वाचून गुण द्यायचे. कल्पना वाईट नव्हती. मी स्वतः उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बैलगाडीतून येताना पाहिले आहेत आणि एकदा पावसात भिजलेला गठ्ठा पंख्याखाली वाळवला आहे. यंत्र आले तर मला आनंदच आहे. पण सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका, पुरेशी रंगीत तालीम नाही, आणि शिकवणाऱ्यांना यंत्राची सवय नाही. महाराष्ट्राच्या कायद्यानुसार निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लागायला हवा. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती उलटली, त्यानंतरच्याही तारखा उलटल्या. परदेशी जाणाऱ्यांच्या जागा अडल्या, पदव्युत्तर प्रवेश खोळंबले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली.

माझ्या दृष्टीने ती तिथे सुरू होते. विद्यापीठाची अधिसभा नावाची एक सभा असते. तिच्यावर शिक्षक, प्राचार्य, संस्थाचालक, विद्यार्थी आणि नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधी असतात. अंदाजपत्रक तिच्यापुढे येते, प्रश्न तिथे विचारता येतात. २०१७ च्या त्या उन्हाळ्यात मुंबईत निवडून आलेली अधिसभा अस्तित्वातच नव्हती! जुन्या अधिसभेची मुदत २०१५ मध्येच संपली होती. नवा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला, आणि पदवीधरांच्या जागांची निवडणूक झाली ती मार्च २०१८ मध्ये. म्हणजे सतरा लाख उत्तरपत्रिकांविषयी ‘हे या वर्षीच का, थोड्या विषयांपासून सुरुवात का नको’ असे अधिकाराने विचारणारा मनुष्य त्या सभागृहात बसलेला नव्हता, कारण त्याची खुर्चीच रिकामी होती. असता तर घोटाळा टळला असता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. अधिसभांतून चालणारे आरडाओरडे मी ऐकलेले आहेत. पण तो असता तर प्रश्न इतिवृत्तात नोंदला गेला असता, आणि इतिवृत्तात नोंदलेल्या प्रश्नाला कुलगुरू भितात. हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

पुढचा भाग अधिक बोचणारा आहे. या पदवीधर प्रतिनिधींची पुढची निवडणूक २०२३ मध्ये जाहीर झाली, ती ऐनवेळी स्थगित झाली, आणि अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये मतदान झाले. मतदारयादीत नावे होती तेरा हजारांच्या आसपास. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर किती असतील याचा अंदाज आपणच करा. एकेका वर्षात लाखाने पदव्या देणारे ते विद्यापीठ. निवडणूक लांबवली म्हणून शासनाला दोष द्या, मीही देतो. पण नाव नोंदवण्याचा अर्ज भरायचा कोणी? इथे मुंबईहून आलेले आपले माजी विद्यार्थी बसले आहेत. हात वर करायला सांगत नाही.

मध्य प्रदेशात तर पदवीधराला आपण काही विचारू शकतो याची जाणीवही फारशी नाही. कार्यपरिषदेवर बाहेरचे सदस्य कुलाधिपतींच्या नामनिर्देशनाने येतात. वरून आलेला माणूस वर पाहतो, यात त्याचा व्यक्तिशः दोष नाही. आपल्याकडे अधिकार वर सरकत जातात आणि दोष खाली उतरत येतो. मधल्या पायरीवर कुलगुरू उभा असतो. त्याच्या चार वर्षांतले पहिले वर्ष नस्त्या समजून घेण्यात आणि शेवटचे पुढच्या नेमणुकीच्या चिंतेत जाते, आणि उरलेल्या दोनांत न्यायालयातले खटले असतात. प्राध्यापकांच्या जागा निवृत्तीने रिकाम्या होतात, त्या भरण्याची परवानगी दुसरीकडून यायची असते. तोवर वर्ग चालवतात ते आमच्याकडे अतिथी विद्वान आणि महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरचे अध्यापक. पाहुणा म्हणून बोलावलेला हा अतिथी वर्षानुवर्षे दारातच उभा असतो. त्याला घरात घेण्याचा अधिकार घरधन्याला नाही.

एका गोष्टीचा उल्लेख धावता करतो, कारण जबलपूरकरांना ती जवळची आहे. आपल्या शहरात आज सरकारी विद्यापीठे पाच आहेत: राणी दुर्गावती, १९६४ चे जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ, नानाजी देशमुखांच्या नावाचे पशुवैद्यक विद्यापीठ, वैद्यकीय विद्यापीठ आणि विधि विद्यापीठ. त्यात २०१९ मध्ये छिंदवाड्याचे नवे विद्यापीठ निघाले आणि छिंदवाडा, शिवनी, बालाघाट तिकडे गेले. बालाघाटच्या मुलाला जवळचे विद्यापीठ मिळावे हे योग्यच. मात्र जुने विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांच्या शुल्कावर आणि परीक्षा शुल्कावर बव्हंशी जगते, ते कमी झाले तर निवृत्तिवेतन कशातून द्यायचे याचा विचार नकाशावर रेघ ओढताना कोणी करत नाही. मग स्ववित्तपोषी अभ्यासक्रम निघतात. देशभरात २०२१-२२ च्या सर्वेक्षणानुसार ११६८ विद्यापीठे आणि ४५,४७३ महाविद्यालये आहेत. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते की संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने जावी. बघू या.

हे दुखणे आपल्याच देशाचे आहे असेही नाही. युगांडातील मकेरेरे विद्यापीठ एके काळी साऱ्या पूर्व आफ्रिकेची शान होते. तिथे राष्ट्राध्यक्षच विद्यापीठाचा कुलपती असे. इदी अमीनच्या राजवटीत, १९७२ च्या ऑक्टोबरात, तिथले कुलगुरू फ्रँक कालिमुझो यांना पकडून नेण्यात आले आणि ते परत आले नाहीत. पुढे नव्वदीच्या दशकात तेच विद्यापीठ पैशासाठी खासगी शुल्काचे विद्यार्थी घेऊ लागले आणि वर्गखोल्या ओसंडल्या. आपली परिस्थिती इतकी भयाण कधी झाली नाही, याबद्दल परमेश्वराचे आभार. पण देशाचा वा राज्याचा प्रमुख आणि विद्यापीठाचा प्रमुख एकच असण्यातला धोका तिथे नागडा दिसला. आपल्याकडे केरळ, तामिळनाडू, पश्चिम बंगाल येथे राज्यपाल आणि राज्य सरकार यांच्यात याच खुर्चीवरून झुंजी झाल्या. महाराष्ट्राने २०२१ च्या अखेरीस मंत्र्यालाच प्र-कुलपती करण्याची दुरुस्ती संमत केली, सरकार बदलले आणि ती मागे पडली. ६ जानेवारी २०२५ रोजी अनुदान आयोगाने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात शोधसमितीची सूत्रे कुलपतींच्या प्रतिनिधीकडे देण्याचा आणि उद्योगक्षेत्रातील अनुभवी व्यक्तींनाही कुलगुरूपद खुले करण्याचा प्रस्ताव होता. या साऱ्या वादात कुलगुरू कोणाचा असावा यावर चर्चा होते, केंद्राचा की राज्याचा. तो विद्यार्थ्यांचा असावा असे म्हणणारा पक्ष मला अद्याप आढळलेला नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

मी परीक्षा विभागात अधीक्षक होतो तेव्हाची. एका लहान गावातली मुलगी, वडील पोस्टात. तिची शिक्षिका म्हणून निवड झाली होती आणि अमुक मंगळवारपर्यंत मूळ अंकसूची दाखवायची होती. अंकसूची म्हणजे महाराष्ट्रातल्या मंडळींची गुणपत्रिका. तिचा निकाल रोखलेला होता. गुन्हा तिचा नव्हता. महाविद्यालयाने प्रात्यक्षिकाचे गुण पाठवले नव्हते. ते शनिवारी आले. तक्त्यात भरून निकाल मोकळा करायचा, तर उशिरा आलेले गुण स्वीकारायला कुलपतींची परवानगी लागे. कुलपतींची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती आणि नव्यांचे नाव वरून आले नव्हते. एक ज्येष्ठ प्राध्यापक प्रभारी होते, त्यांचा प्रभार महिन्या-महिन्याने वाढत होता. सज्जन गृहस्थ. त्यांनी नस्ती परत पाठवली: नियम तपासून स्पष्ट प्रस्ताव द्यावा. मी नियम तपासले. नियम अनुकूल होता. मी टिपणी लिहिली आणि खाली लिहिले, ‘आदेशार्थ सादर’.

कार्यालयात आयुष्य काढलेल्यांना या दोन शब्दांचा अर्थ ठाऊक आहे. त्याचा अर्थ असा, की मला माझे मत आहे, पण ते मी लिहिणार नाही. उद्या काही झाले तर माझी सही निर्दोष असावी. ‘मान्यतेची शिफारस आहे’ असे लिहिले असते, तर त्या भिडस्त प्रभारींनी बहुधा सही केली असती, कारण जबाबदारी वाटली गेली असती. नस्ती सोमवारी दुपारी पुन्हा परत आली. बाप-लेक बाहेरच्या बाकावर बसली होती. मंगळवारीही बसली होती. गुरुवारी निकाल मोकळा झाला. मी स्वतः अंकसूची तिच्या हातात दिली. तिने ती दुमडली नाही, वहीत सरळ ठेवली आणि मला नमस्कार केला. रागावली असती तर मला सोपे गेले असते.

म्हणून नेतृत्वाविषयी बोलताना माझे बोट फक्त वर जात नाही. कुलगुरूची रिकामी खुर्ची हे मोठे संकट खरेच, पण तिच्या खाली उतरत्या क्रमाने पन्नास भरलेल्या खुर्च्या असतात आणि त्या साऱ्या ‘आदेशार्थ सादर’ लिहीत असतात. वरून घाबरलेले विद्यापीठ खालपर्यंत घाबरलेले असते. असे सवयीचे भय कोणा एका कुलगुरूने जात नाही. ते जायचे तर प्रश्न विचारणारे बाहेरचे लोक आत बसलेले असावे लागतात.

हे मी कुठे शिकलो? विद्यापीठात नव्हे, आपल्या शाळेत. मराठी मुलखात शिकवणाऱ्यांनीच संस्थेचा कारभार पाहावा ही परंपरा जुनी आहे. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिचे आजीव सदस्य पंचाहत्तर रुपये महिन्यावर वीस वर्षे शिकवण्याची प्रतिज्ञा करत आणि संस्थाही तेच चालवत. भांडणेही तिथेच झाली. टिळक १८९० मध्ये बाहेर पडले. पण भांडण संस्थेच्या भल्याविषयी होते, आणि ते करणारे दोन्हीकडचे लोक दुसऱ्या दिवशी वर्गावर जाणारे होते. भोसल्यांच्या अमदानीत, मग रेल्वे आणि तोफगाडी कारखान्याच्या नोकऱ्यांमागे जबलपुरात येऊन राहिलेल्या मराठी माणसांनी ही शाळा काढली, तेव्हा त्यांच्या मनात तोच नमुना असावा.

दरवर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी पालकसभा होई. सचिव काका जमा-खर्च मोठ्याने वाचत. प्रत्येक रक्कम. एकदा खडूच्या खर्चावर कारखान्यात काम करणारे एक पालक उठले आणि म्हणाले, ‘गेल्या साली अकरा रुपये कमी लागले होते, औंदा मुलं तेवढीच आहेत.’ सभेत हशा पिकला. सचिव काका हसले नाहीत. त्यांनी वही मागवली, खडूंच्या पेट्यांची नोंद काढली, आणि दोन पेट्या पावसात भिजून वाया गेल्या हे सर्वांसमक्ष सांगितले. मग कपाट भिंतीपासून हात दीड हात पुढे सरकवण्याचा ठराव झाला. मी सातवीत होतो आणि पाणी देण्यासाठी सभेत उभा होतो. पुढे कोट्यवधींची अंदाजपत्रके दहा मिनिटांत संमत होताना पाहिली, तेव्हा प्रत्येक वेळी मला ते अकरा रुपये आठवले.

ते पालक काही शिक्षणतज्ज्ञ नव्हते, पण सभेचा रिवाज त्यांना बोलू देत होता आणि ते आले होते. रिवाज आणि हजेरी या दोन गोष्टींपैकी पहिली विद्यापीठांतून कायद्याने काढून घेतली जात आहे हे खरे; दुसरी मात्र आपण आपण होऊन सोडली. मुलांच्या प्रवेशासाठी रात्रभर रांगेत उभे राहणारे आपण, त्याच विद्यापीठाची वार्षिक अहवालपुस्तिका कधी मागतो का? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. निकाल रोखलेली मुले किती, किती दिवस, कोणत्या कारणाने, एवढे विचारायला साध्या कागदावर चार ओळी पुरतात. परीक्षा विभागात असा एक अर्ज आला की आठवडाभर कपाटे उघडी राहत. कशी धावपळ उडते ते मी आतून पाहिले आहे. आपण पाठवत जा.

मुख्याध्यापिका बाईंनी काल दूरध्वनीवर मला एक माहिती दिली आणि ती सांगायला परवानगीही दिली. आपल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर माजी विद्यार्थ्यांसाठी दोन जागा आहेत. घटनेत त्या पहिल्या दिवसापासून आहेत. गेली चार वर्षे दोन्ही रिकाम्या आहेत, कारण अर्जच आला नाही. पालक प्रतिनिधीच्या जागेसाठी गेल्या वेळी एकच नाव आले आणि ते बिनविरोध निवडले गेले. अर्जाचे कोरे नमुने बाहेर, प्रसादाच्या पाकिटांशेजारच्या टेबलावर ठेवले आहेत. मुदत या महिन्याच्या अखेरीपर्यंत. सकाळी येताना त्यातला एक मी भरून दिला. वयाची अट आहे की नाही हे कार्यालयातल्या मुलाला ठाऊक नव्हते. तो म्हणाला, ‘विचारून सांगतो, साहेब.’ मी त्याला म्हटले, विचारशील तेव्हा त्या कागदावर तुझे मतही लिही.